गप्पीची पिल्लं आणि चवथीची साफसफाई

माझ्या टाकीतल्या गप्पी मादीने नुकतंच टाकलेलं पिल्लू वळून गिळताना पाहिलं आणि हातातला चहा मी मोरीत ओतला. पोटचं पोर! उरलेली पिल्लं एंजल माशांनी टिपली. त्यात श्रावण लागलेला. धारगळच्या आमच्या घरात सगळे शिवराक, मासळीचा वाससुद्धा नको, आणि हॉलात काचेआड मासेच मासे खात होते. शिसारी आली मला त्या टाकीची.

पण मुळगावच्या नातीला मी फोनवर कबूल करून बसलो होतो, "चवथीक ये, तुका पिलां दाखयतंय." म्हणून म्हापशाहून शेवाळाचा मोठा गोळा आणून टाकीत सोडला. पोट भरलेलं असलं की मादी पिल्लांच्या मागे लागत नाही, हे ऐकलं होतं. तेव्हा तिला चार वेळा खायला घालू लागलो. पुढच्या खेपेची दहा-बारा पिल्लं शेवाळात लपून राहिली. सुकं खाणं बोटांत चुरून मी ते पीठ त्यांच्यावर सोडायचो. मादीने एकालाही तोंड लावलं नाही.

चवथीआधी, गणपती यायला चार दिवस असताना, बायको जळमटं काढता काढता टाकीपाशी थांबली.

"लोक येतले, नि हॉलात ह्या शेवाळ कित्याक?"

"तुका माशांतला काय कळता?" मी खेकसलो. ती झाडू घेऊन पुढच्या कोपऱ्याकडे वळली.

पण चवथीची साफसफाई म्हणजे आमच्याकडे माळ्यावरची भांडीसुद्धा चिंचेने लखलखायला हवीत. आरतीला आलेला माणूस टाकीपाशी थांबतोच, आणि मला वाहवा आवडते, खोटं कशाला बोलू? आदल्या दिवशी सकाळी मीच ते सगळं शेवाळ उपसलं आणि माडाच्या मुळाशी फेकलं. पिल्लं काय, दगडाआड लपतील, असं मनाला सांगितलं.

जेवून आलो तर टाकीत एकही पिल्लू नव्हतं. एंजलांची पोटं टम्म. माडाकडे धावलो. सुकत चाललेल्या शेवाळात तीन पिल्लं चिकटली होती, डोळे उघडे, आणि अंगावर मुंग्या. मला माझ्याच हातांची किळस आली. दोनदा साबण लावला तरी जाईना.

दुसऱ्या दिवशी जो तो म्हणत होता, "टाकी कितली निवळ!" मी निर्लज्जासारखा हसत होतो. नातीने काचेला नाक लावलं.

"आजो, पिलां खंय?"

"आवशीन खाल्ल्यान," मी त्यांच्या आईकडे, मादीकडे बोट दाखवत म्हटलं.

मादीला शिक्षा म्हणून नातीने रागाने माशांच्या खाण्याचा डबा उचलला आणि कपाटात ठेवून दिला. मादी नेहमीसारखी काचेपाशी येऊन तोंड उघडझाप करत राहिली. कपाट उघडलं असतं तर खरं सांगावं लागलं असतं. मी ते उघडलं नाही.