फटाक्याला झोपणारी घोडी

ही गोष्ट मी कितीतरी वर्षं टाळत आलो. जव्हारात कुणी घोडीचा विषय काढला की मला नेमकं दुसरं काम आठवायचं. कधी घरातला गॅस संपलेला असायचा, कधी कुणाला तरी दवाखान्यात भेटायला जायचं असायचं. नातवंडांनी विचारलं तर मी सरळ झोपेचं सोंग घ्यायचो. आता वय असं झालंय की सोंग घेता घेता खरीच झोप लागते. एक दिवस त्यातून उठणं होणार नाही, म्हणून त्याआधी लिहून टाकतो.

आमच्या भागात अजून सांगतात की सिनेमावाल्यांनी माझ्या घोडीच्या पायाला तार बांधून तिला पाडलं आणि त्या धसक्यानं ती कायमची बिघडली. जामसरच्या फाट्यावर जीपची वाट बघताना एका अनोळखी माणसानं मलाच ही हकिकत इतक्या कळवळ्यानं सांगितली की मीही "अरेरे" म्हणालो. पण हे खोटं आहे. तार नव्हती.

माझे वडील टांगा चालवायचे. टांगे बंद पडले तरी घोडी पाळायची सवय घरातून गेली नाही. मी सरकारी कचेरीत कारकून होतो आणि दारात एक पांढरी घोडी होती. लग्नसराईत तिच्यावर नवरदेव बसायचे, बाकी वर्षभर ती आराम करायची. बायको म्हणायची, "दारात एक आणि कचेरीत एक. दोघंही उभ्या उभ्या झोपता. फरक एवढाच की ती शेण देते, त्याचा उपयोग होतो."

नव्वदचं दशक सरत आलं होतं, तेव्हा जव्हारजवळच्या शिरपामाळाला एका ऐतिहासिक सिनेमाचं शूटिंग आलं. मुंबईहून घोडे आले होते, पण सगळे तपकिरी. हिरोला पांढरा हवा होता. कुणीतरी माझं घर दाखवलं आणि घोडे शिकवणारे मास्टर दारात येऊन उभे राहिले. साठीचा माणूस, मिशा काळ्याभोर रंगवलेल्या, एका पायानं लंगडणारा. त्यांनी घोडीचं तोंड उघडून दात पाहिले. मग माझ्याकडे पाहिलं. माझे पुढचे वरचे दात तेव्हाच गेले होते.

"दात चांगले आहेत भाऊसाहेब," ते म्हणाले. "घोडीचे."

सीन असा होता की तोफेचा गोळा येतो, घोडी कोसळते आणि हिरो धुळीतून उठून लढतो. कोसळते म्हटल्यावर बायको हातातली भाकर तव्यावर टाकून बाहेर आली.

"आमच्या घोडीला पाडणार? आधी ह्यांना पाडून दाखवा."

मला वाटलं, मास्टर हसतील आणि विषय संपेल. पण त्यांनी अंगणात भाताचा पेंढा पसरायला लावला. गुडघाभर ढीग झाल्यावर मला त्यात उभं केलं आणि माझा डावा पाय मागून अलगद उचलून धरला. मग खांद्याला खांदा लावून हळूहळू रेलत गेले. मी जरा वेळ लंगडी घातल्यासारखा डुललो आणि आडवा झालो. लगेच त्यांनी माझ्या तोंडात गुळाचा खडा घातला.

"लागलं?"

"नाही."

"अजून गूळ पाहिजे?"

"हो."

"घोडीचंही एवढंच असतं, वहिनी," मास्टर म्हणाले.

"मग आणखी एकदा पाडा," बायको म्हणाली. "नीट दिसलं नाही मला."

त्या दिवशी मी चार लोकांसमोर आणखी एकदा पडलो आणि घोडीनं ते सगळं रवंथ केल्यासारखा जबडा हलवत पाहिलं.

घोडी शिकली ती फार लवकर. मास्टर तिच्या मानेवर हात ठेवायचे, डावा लगाम किंचित ओढायचे आणि जीभ टाळ्याला लावून दोनदा 'टक् टक्' करायचे. की घोडी गुडघे टेकायची, कुशीवर व्हायची आणि गुळासाठी ओठ पुढे काढायची. कधी तिचं मन नसलं तर ती ढिम्म उभी राहायची. मग मास्टर म्हणायचे, "आज मॅडमचा मूड नाही. चला घरी."

मी विचारलं, "तुम्ही सोडून का देता? जरा जोर केला तर पडेल की."

तेव्हा ते पेंढ्यावर बसले. म्हणाले, "भाऊसाहेब, आमच्या जमान्यात घोडा तारेनं पाडायचे. पायाला तार, दुसरं टोक खुंटीला. दौडता घोडा एकदम तोंडावर. मी पण पाडले. काही घोडे उठले नाहीत. माझा पाय त्यातल्याच एकाच्या खाली आला. त्याचं बरोबर होतं." मग आपल्या लंगड्या पायावर थाप मारून म्हणाले, "त्यानंतर तारेला हात लावला नाही. जनावराला 'नाही' म्हणता आलं पाहिजे. नाही म्हणता येतं तोवर ते काम. नाही तर मार."

दुसरी एक गोष्ट त्यांनी बजावली होती. इशारा असा ठेवायचा, जो तिला जगात दुसरीकडे कुठं भेटणार नाही.

इथून पुढे माझा पराक्रम.

मास्टर दोन दिवस मुंबईला गेले. रविवार होता. मी शेजाऱ्यांना सांगून ठेवलं होतं की या, गंमत दाखवतो. दाभोसाकडे जाणारी जीपसुद्धा दारात थांबली आणि टपावर बसलेली माणसं ओरडायला लागली, "पाडा, काका, पाडा!" मी घोडीच्या मानेवर हात ठेवला, लगाम ओढला आणि 'टक् टक्' करायला गेलो. पण दातांशिवाय ते होत नाही. 'फस् फस्' असा आवाज आला. घोडीनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं आमचे साहेब माझ्या रजेच्या अर्जाकडे पाहायचे.

लोक हसले. टपावरचा एकजण म्हणाला, "काका, तुम्हीच पडा, तुम्हाला येतं म्हणतात!"

मला झोंबलं. दिवाळीतले फटाके घरात उरले होते. मी विचार केला, सीनमध्ये तोफच आहे, मग इशारा तोफेचाच का नको? मी मागे लवंगी लावली. घोडी दचकली. मी तिचा पाय उचलला, रेललो, ती आडवी झाली, मी गूळ दिला. टाळ्या पडल्या. मग पुन्हा. मग सुतळी बॉम्ब. जीप निघून गेली तरी मी थांबलो नाही. संध्याकाळपर्यंत ती नुसत्या आवाजाला झोपायला लागली. पेंढा बाजूला सरकला होता, खालची जमीन खडकाळ होती आणि तिचा गुडघा सोलवटला होता. तिथं मी हळद लावली. तिचे कान मागे चिकटले होते आणि शेवटी शेवटी ती गूळही घेत नव्हती, हे मी पाहिलं होतं. तरी म्हटलं, शिकली.

मास्टरांना मी काही सांगितलं नाही.

शूटिंगच्या दिवशी हिरो घोडीवर बसून मावळ्यांसमोर भाषण करत होता. तेवढ्यात तोफवाल्यानं आपली तोफ चालते का ते बघितलं. धडाम झालं आणि घोडी खाली झोपली. हिरो भाषण करत करतच खाली आला, शेवटचं वाक्य त्यानं गवतात म्हटलं. मावळे हसून हसून ढालींवर पडले. डायरेक्टर मात्र खूश, म्हणाला हाच शॉट ठेवू.

मास्टर हसले नाहीत. "इशारा नाही दिला. पडली कशी?" असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी डोंगराकडे पाहिलं.

शूटिंग अजून चालू होतं, त्याच आठवड्यात मोखाड्याला एका मास्तरांचं लग्न होतं. शाळेतल्या मास्तरांचं. घोडी माझी ठरलेली. वरात निघाली, बँड सुरू झाला आणि कुणातरी उत्साही पाहुण्यानं सुतळी बॉम्ब लावला. घोडीनं गुडघे टेकले आणि भर रस्त्यात शिस्तीत कुशीवर झाली. नवरदेव मुंडावळ्यांसकट बँडवाल्यांच्या ढोलावर गेले. कसंबसं दोघांना उठवलं, तर मागून दुसरा बॉम्ब. पुन्हा तेच.

नवरीकडची एक म्हातारी म्हणाली, "घोडीला नवरा पसंत नाय."

नवरदेवाच्या मामानं माझी कॉलर धरली. "घोडी आणलीस का म्हैस?"

मी घाबरलो. तोंडातून निघून गेलं, "सिनेमावाल्यांनी पाडली तिला. पायाला तार बांधून. तेव्हापासून आवाज झाला की अशी करते."

मामाचा हात कॉलरवरून खाली आला. बायका "अगं बाई" म्हणत घोडीला कुरवाळायला लागल्या. कुणी गुडघ्यावरची हळद दाखवली, मग तर रडायचंच बाकी होतं. नवरदेव पायी मांडवात गेले आणि मला पहिल्या पंगतीत बसवून आग्रहानं जिलेबी वाढली. मी ती खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वऱ्हाडानं भरलेल्या जीपा शिरपामाळावर पोचल्या. मामा सर्वांत पुढे. डायरेक्टरला घेरलं, त्यानं मास्टरांना बोलावलं.

मास्टर शांत होते. म्हणाले, "तारेला मी हात लावत नाही. भाऊसाहेबांना विचारा, ते रोज उभे असतात."

सगळ्यांचे चेहरे माझ्याकडे वळले. गलका ऐकून आलेली माझी बायको, मामा, म्हातारी, हिरो, ढालवाले मावळे. काल ज्यांनी जिलेबी वाढली तेही.

"तार होती की नव्हती?" डायरेक्टरनं विचारलं.

मी म्हणालो, "मी तेव्हा चहाला गेलो होतो."

"रोज?"

"मला चहा लागतो," मी म्हणालो.

संध्याकाळी मास्टरांना काढून टाकलं. निघण्याआधी ते आमच्या दारात आले. मला वाटलं, शिव्या देतील, आणि खरं सांगायचं तर दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते घोडीजवळ बसले आणि तिच्या एकेका पायावरून वरपासून खुरापर्यंत हात फिरवला. तारेची खूण ओळखणारा हात तो. गुडघ्यापाशी थांबला. तिथून त्यांनी अंगणातल्या दगडांकडे पाहिलं. कोपऱ्यात सुतळी बॉम्बचे कागद पडले होते, तिकडेही पाहिलं.

"पेंढा कमी पडला, भाऊसाहेब," एवढंच म्हणाले. घोडीला गूळ दिला आणि लंगडत जीपकडे गेले.

बायको माझ्याशी बरेच दिवस बोलली नाही, फक्त चहा आदळायची. घोडीची लग्नं बंद झाली. पुढे दर दिवाळीला बायको तिच्या कानात कापूस घालून रात्रभर शेजारी बसायची. तरी लांब कुठं आवाज झाला की ती झोपायची. मी जवळ गेलो की उठायची आणि तोंड फिरवायची.

दोनेक वर्षांनी मी धीर करून मुंबईला मास्टरांच्या तबेल्यावर गेलो. सोबत गुळाची अख्खी ढेप. वाक्य एसटीत पाठ केलं होतं. मास्टर आता दुसऱ्यांच्या घोड्यांचं खरारा-पाणी करत होते. मिशा रंगवणं सोडलं होतं. मला पाहून त्यांनी पहिल्यांदा बाहेर हाक मारली, "अरे, एक चाय आण. भाऊसाहेबांना चहा लागतो."

चेष्टा होती का माया, ते मला आजही कळलेलं नाही. चहा आला. मी तो प्यायलो. त्यांनी आणखी मागवला, तोही प्यायलो.

"मॅडम कशी आहे?"

"बरी आहे."

"गुडघा?"

"भरला."

मग मी ढेप पुढे केली आणि म्हणालो, "गूळ चांगला आहे." त्यांनी एक तुकडा मोडून शेजारच्या घोड्याला दिला. घोड्यानं खाल्ला. "हां, चांगला आहे," मास्टर म्हणाले. मी उठलो.

पुढच्या खेपेला गेलो तेव्हा तबेल्याच्या जागी इमारतीचा पाया खणत होते. तिथल्या वॉचमनला मास्टर माहीत नव्हते. घोडीही त्यानंतर फार जगली नाही.

एसटीत पाठ केलेलं वाक्य अजून तसंच आहे. मास्टर, तार नव्हती. फटाके होते, माझे होते. ती नाही म्हणत होती आणि मी ऐकलं नाही. आणि मी चहाला गेलो नव्हतो, मास्टर. मी रोज तिथंच उभा होतो. मला माफ करा.