ते बाळसं नव्हतं

डॉक्टरांनी माझ्या लेकीच्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खड्डा तसाच राहिला. भोवती शिकाऊ डॉक्टर उभे होते.

"बघा. ऊसतोडवाले. गोळ्या मध्येच सोडतात, मग पोर फुगली की आणून टाकतात. त्यात मुलगी. मुलगा असता तर केव्हाच धावत आले असते."

एकजण हसला. मी फरशीकडे बघत राहिले. नगरच्या त्या मोठ्या दवाखान्यात मला मान वर करता येईना. कारण त्यातलं निम्मं खरं होतं.

आम्ही खर्ड्याकडचे. दिवाळी झाली की नवरा-बायको ऊस तोडायला कारखान्यावर. लेक नऊ वर्षांची. दोन वर्षांपूर्वी तिथं पाचटाच्या कोपीत राहत असताना तिचे गाल भरले. बाया म्हणाल्या, "पोरीनं बाळसं धरलं." मला लई बरं वाटलं. कौतुकानं सगळ्यांना दाखवत फिरले. ती सूज होती. किडनीची.

गोळ्यांनी सूज उतरली. पुढच्या गोळ्या आणायला तालुक्याला जायचं, तर टोळीचा मुकादम सुट्टी देईना. गोळ्या तुटल्या, मी ऊस तोडत राहिले. त्याच महिन्यात धाकट्या मुलाला ताप आला. तेव्हा मुकादमाला न विचारता आम्ही दोघंही काम टाकून दवाखान्यात गेलो. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

डॉक्टरांनी पुन्हा हात पुढं केला. लेकीनं पाय आखडले, चादर ओढून घेतली. तिला सगळं कळत होतं.

"थांबा," मी म्हणाले. "चूक माझी हाय, मला बोला. तिच्यादेखत न्हाई. आन तिला इचारल्याबिगर हात लावू नका. मुकादम सोडत न्हाई, तवा औषध कुठनं आणायचं, ते बी या पोरांना शिकवा."

कुणी हसलं नाही. डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले. मला जिंकल्यासारखं वाटलं नाही. लेकीच्या दोन्ही किडन्या तोवर गेल्याच होत्या.

आता आठवड्यातून दोनदा तिला रक्त साफ करायच्या मशीनवर नेते. आईबापांपैकी कुणाची किडनी जुळते का, ते बघायचं ठरलं. सासू म्हणाली, "परक्याचं धन ते." नवरा खाली बघत म्हणाला, "पोरीपायी तू..."

"पोरीपायीच," मी म्हणाले. "आन यंदा मी कोयता धरणार न्हाई. मुकादमाला सांगून टाका."

तपासणीच्या कागदावर मी माझं नाव लिहिलं. कुणाला विचारलं नाही.