पांढऱ्या चादरीपुढची कुत्री

माझ्या बायकोच्या थोरल्या भावाने वसईतली जितकी तोंडे पाहिली तितकी दुसऱ्या कुणी पाहिली नसतील, आणि त्यांतले एकही हसताना पाहिले नसेल. दादांनी जन्मभर पासपोर्टचे फोटो काढले. मान सरळ, दोन्ही कान दिसले पाहिजेत, हसायचे नाही. दुकान बंद केल्यावर हाच कायदा त्यांनी उमेळ्यातल्या भटक्या कुत्र्यांच्या निवाऱ्यात नेला. बायको गेल्यापासून मी घरात पुस्तक उघडून बसत असे. "जावईबापू, पानं उलटत नाहीत, तर निदान चादर धरा," म्हणून त्यांनी मलाही नेले. कुत्र्यामागे पांढरी चादर धरून उभे राहणे हे माझे काम.

निवाऱ्याच्या जागी इमारत येणार होती. महिनाअखेरीपर्यंत घर न मिळालेली कुत्री पुन्हा रस्त्यावर जाणार होती. निवारा चालवणाऱ्या बाई म्हणाल्या, "काका, फोटोत इमोशन दिसू दे. लोक बघून न्यायला आले पाहिजेत." दादा गोंधळले. मग दर फोटोखाली ते एकेक भाव लिहू लागले, आणि तिथे आमचे वाद सुरू झाले. मला ज्यात विरह दिसे, त्यात त्यांना भूक दिसे. बिस्कीट पुढे केले की विरह शेपूट हलवी आणि इतक्या वर्षांच्या वाचनावरचा माझा विश्वास डळमळे. 'उदास' लिहिलेला काळ्या नावाचा कुत्रा गिरीज गावच्या एका वाडीवाल्याला आवडला. तो न्यायला आला, तर काळ्या त्याच्या अंगावर नाचू लागला.

"ह्यो तो नाय. फोटोतला गरीब होता."

"थोडं थांबा," दादा शांतपणे म्हणाले, "होईल उदास."

वाडीवाला काळ्याला तसाच आनंदात घेऊन गेला.

शेवटी एक म्हातारी कुत्री उरली. तिच्या फोटोखालची जागा कोरीच होती. मी विचारले तर दादा म्हणाले, "हिचं समजत नाही. तुमचंही हल्ली समजत नाही."

"तुमची तर बहीण होती, दादा. तुमचं कुणाला समजतं?"

ते चादरीची घडी घालत राहिले.

शेवटच्या दिवशी एव्हरशाईन वसाहतीतून एक निवृत्त शिक्षिका आल्या. फोटो हातात धरून म्हणाल्या, "हिच्याखाली काही लिहिलं नाही."

"मला कळलं नाही," दादा म्हणाले.

"असू दे. घरी राहिली की कळेल." त्यांनी कुत्रीला रिक्षात घेतले.

रिक्षा वळेपर्यंत दादा बघत राहिले. गळ्यातला कॅमेरा त्यांनी उचललाच नाही.

"बेबी कुत्र्यांना घाबरायची," ते एकदम म्हणाले. ती गेल्यापासून बहिणीचे नाव त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच येत होते.

"हो," मी म्हटले. "रस्ता बदलायची."

मग त्या रिकाम्या निवाऱ्यात आम्ही दोघे बराच वेळ तिच्याविषयी बोलत बसलो.