संपर्क होऊ शकला नाही

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आणि जिला माझ्या सासूपासून शुगरपर्यंत सगळं ठाऊक आहे त्या मैत्रिणीलाही नाही. सांगायला बसले की वाटायचं — जाऊ दे, एवढं काय मोठं आहे त्यात? कोणाचा जीव घेतला नाही, कोणाला लुबाडलं नाही. एक ओळ लिहिली होती, आणि नंतर फोनवर दोन-तीन वाक्यं बोलले होते. बस, इतकंच. पण इतकंच असेल तर ते अजून घशाशी का येतं?

सांगते. जरा आडवळणाने सांगेन, सांभाळून घ्या. सरळ सांगायची सवय गेली आहे.

मी बोरिवलीला राहते. एका मराठी दैनिकाच्या उपनगर पुरवणीत बरीच वर्षं बातमीदार होते — मुलुंड-घाटकोपरपासून पार दहिसरपर्यंत जे काही तुंबेल, पडेल, जळेल ते माझ्या वाट्याचं. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा नोकरी सोडली. आता अंधेरीच्या एका कॉलेजात पत्रकारिता शिकवते. बातमीमूल्य कसं ठरवावं, बातमी नीतीने कशी द्यावी, हे मुलांना मी शिकवते. मी. ज्याच्याकडे बोट दाखवताय त्याचं म्हणणंही विचारून घ्या, असं फळ्यावर लिहिते आणि मुलं निमूटपणे उतरवून घेतात.

मध्यंतरी एका मुलीने वर्गात विचारलं, "मॅडम, संपर्क होऊ शकला नाही असं लिहायच्या आधी कितीदा फोन लावायचा?" वर्ग हसला. मीही हसले. "लागेपर्यंत लाव," म्हटलं. उरलेला तास काय शिकवलं, देव जाणे.

ती ओळ तुम्हीही वाचली असेल. बातमीच्या तळाशी असते. 'याबाबत अमुक यांच्याशी संपर्क साधला असता संपर्क होऊ शकला नाही.' काय वाटतं तुम्हाला, दरवेळी फोन केलेला असतो? बऱ्याचदा असतो. बिल्डर उचलत नाही, अधिकाऱ्याचा शिपाई साहेब जागेवर नाहीत म्हणून सांगतो. पण आमच्यात एक सवय होती — आमच्यात कशाला, माझ्यात — की ती ओळ आधीच टाइप करून ठेवायची. फोन मग, जमलं तर. ती ओळ टाकली की बातमी कशी, अंघोळ घालून पावडर लावल्यासारखी दिसते. कोणी काही विचारत नाही.

असो. घाटकोपरवर येते.

घाटकोपर पूर्वेला एका जुन्या सोसायटीत एक बाई एकट्या राहायच्या. त्यांना मालतीबाई म्हणू या. खरं नाव हे नव्हे — नाव बदलायची काळजी मला आत्ता सुचते आहे, तेव्हा सुचली नव्हती. पालिकेच्या शाळेत शिक्षिका होत्या, निवृत्त झाल्या, नवरा आधीच गेलेला. दोन-तीन दिवस दार उघडलं नाही. दुधाच्या पिशव्या कडीला लटकत राहिल्या, मग वास यायला लागला. पोलिसांनी दार तोडलं तर बाई पलंगावर होत्या, पांघरूण अंगावर तसंच. उशाजवळच्या स्टुलावर जुना लँडलाइन फोन. मोबाइल त्यांना नकोच असायचा म्हणे.

मी पोचले तेव्हा मालतीबाईंना नेलेलं होतं. खाली सोसायटीचे सेक्रेटरी चार माणसं जमवून तावातावाने बोलत होते. "एकुलती एक मुलगी आहे हो. दहिसरला राहते, लंडनला नाय. पण आईकडे बघायला टाइम कुठाय यांना?" ते मी शब्दन् शब्द लिहून घेतलं. असं वाक्य आयतं हातात पडलं की बातमीदाराला कसं बरं वाटतं ते तुम्हाला कळणार नाही. आणि तेच बरं आहे.

जिन्याच्या पायरीवर शेजारच्या काकू बसल्या होत्या, पदर डोळ्यांना लावून. मालवणच्या. त्यांनी मला हाताला धरून खाली बसवलं. "अगो, तसा नाय गो," त्या म्हणाल्या. "वैशालीक बरा नाय. ताप इलो हा, असा मालतीच सांगी होती माका. तू तिका फोन लावून इचार." वैशाली म्हणजे ती मुलगी. काकूंनी नंबरही दिला. एकेक आकडा दोनदा सांगितला, मी चुकीचा घेऊ नये म्हणून.

ऑफिसात आमच्या डेस्कचे प्रमुख होते मोहिते सर. पुरवणीत काय जाणार, किती जाणार, ते ठरवायचे. मी सांगितलं तर म्हणाले, "वाईट झालं गं. पण बातमी काय?" हे ऐकून तुम्हाला राग येईल कदाचित. आम्हाला येत नाही. रोज इतकी माणसं जातात, कोणाकोणाचं छापणार? एकटी म्हातारी बाई वारली — चार ओळी, तेही कोपऱ्यात जागा उरली तर. मग मी म्हटलं, "एकुलती मुलगी आहे सर. दहिसरला." सर खुर्चीत सरळ झाले. "मग अँकर कर ना." अँकर म्हणजे पानाच्या तळाशी आडवी पसरलेली मोठी बातमी, वर लिहिणाऱ्याचं नाव.

बातमीमूल्य म्हणून फळ्यावर मी बरेच मुद्दे लिहिते. जवळीक, ताजेपणा, परिणाम, वगैरे वगैरे. खरं सांगू का? ज्यात कोणाकडे तरी बोट दाखवता येतं, ती बातमी मोठी होते. मालतीबाईंचं मरण चार ओळींचं होतं. मुलीचा दोष पाव पानाचा होता.

सगळं मोहिते सरांवर ढकलून मोकळी होऊ का? सोपं आहे, ते आता नाहीत. पण त्यांनी विचारलं होतं. चष्मा कपाळावर चढवून विचारलं होतं, "मुलीशी बोललीस?" मी म्हटलं, "लावते आता."

नंबर समोर होता. मी फोन हातात घेतला सुद्धा. आणि मनात आलं — समजा काकू म्हणतात ते खरं निघालं तर? मुलगी खरंच अंथरुणाला खिळलेली असली, तर मग बोट कोणाकडे दाखवायचं? अँकरच्या पुन्हा चार ओळी होणार. वरचं माझं नाव उडणार. फोन खाली ठेवला. विसरले नव्हते, घाईही नव्हती. वेळ भरपूर होता — मधे कँटीनला जाऊन चहा पिऊन आले मी. परत आले आणि टाइप केलं: 'मुलीशी संपर्क साधला असता संपर्क होऊ शकला नाही.' काकूंचं म्हणणं बातमीत घेतलंच नाही. सेक्रेटरींचं सगळं घेतलं.

बातमी गाजली. दहिसर ते घाटकोपर हे अंतर एका मुलीला इतकं लांब का वाटावं, असं काहीतरी लिहिलं होतं मी. सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरली. लोकांचे मेसेज आले, डोळे भरून आले म्हणून. मला आवडलं ते. हो, आवडलंच. दोन दिवस तर आपण समाजाचं काहीतरी भलं केलंय अशा थाटात मी वावरत होते. बातमीत मुलीचं नाव छापलं नव्हतं, हेही स्वतःला बजावत होते. पण आईचं नाव छापलं, सोसायटीचं छापलं — मग झाकलं काय?

मग तेराव्यानंतर वैशालीचा फोन आला. ऑफिसातून माझा नंबर मिळवला होता तिने.

मी भांडणाच्या तयारीने उचलला. असे फोन येतात आम्हाला, त्यांना तोंड कसं द्यायचं तेही ठरलेलं असतं. पण ती भांडलीच नाही. भांडली असती तर बरं झालं असतं — मीही आवाज चढवला असता आणि मोकळी झाले असते. ती हळू बोलत होती, थांबत थांबत, अशक्त माणूस बोलतो तसं. डेंग्यू झाला होता तिला. बोरिवलीच्या हॉस्पिटलात होती, माझ्या घरापासून चालत जाण्यासारख्या अंतरावर. प्लेटलेट्स उतरल्या होत्या, नवरा तिच्या उशाशी बसून. त्या दिवसांत आईला फोन करायचं कोणाच्या ध्यानातच आलं नाही, असं ती म्हणाली. लपवलं नाही. मग म्हणाली, बातमी कणकवलीच्या मामांपर्यंत गेली. मामा तेराव्याला आले, पण तिच्या हातचं पाणी न घेता गेले.

मी म्हटलं, वाईट वाटलं. काय म्हणणार दुसरं?

"ते जाऊ दे मॅडम," ती म्हणाली. "एकच विचारायचं होतं. तुम्ही लिहिलंय, मला फोन केला होता म्हणून. खरंच केला होता?"

तिच्या आवाजात आरोप नव्हता. ती खरंच विचारत होती. तुम्ही असता तर काय म्हणाला असता? मी सांगते मी काय म्हटलं. क्षणभरही न अडखळता म्हटलं, "केला होता ना. लागला नाही."

"कधी केला होतात?"

"दुपारी. दोन-तीनदा केला."

"फोन उशाशीच असायचा हो माझ्या. मिस्ड कॉल पण नाय दिसला."

"हॉस्पिटलात रेंज नसते बऱ्याचदा," मी म्हटलं. "मग दिसत नाही." अगदी समजुतीच्या सुरात. तिला धीर देतेय असा सूर होता तो. एका खोट्याला टेकू म्हणून दुसरं, त्याला टेकू म्हणून तिसरं — आणि हात आखडला नाही कुठे.

मग ती म्हणाली, "मला वाटत होतं, आईचा एक पण फोन आला नाय, म्हणजे ती झोपेतच गेली असणार. तिला काय कळलंच नसणार. तेवढ्यावरच होते मी, मॅडम. म्हणजे तिने पण लावला असेल. लागला नसेल."

कळलं ना तुम्हाला? मला तिथल्या तिथे कळलं. आईचा फोन आला नाही, म्हणजे आईला त्रास झाला नाही — एवढं एकच तिच्या हाती उरलं होतं. मामा पाणी न घेता गेले तरी तेवढ्यावर ती उभी होती. ते मी काढून घेतलं. त्याच्या जागी काय दिलं? एकटी आई स्टुलावरच्या फोनवरून पुन्हा पुन्हा नंबर फिरवते आहे, आणि तो मुलीला लागत नाही. लँडलाइनवरून न लागलेल्या फोनची खूण कुठे शोधणार ती? खरंखोटं करायला काहीच नव्हतं तिच्याकडे. माझा शब्द होता फक्त.

तेव्हाही सांगता आलं असतं. थांब वैशाली, मी फोन केलाच नव्हता. जीभ उचलली नाही. ती तक्रार करेल, संपादकांपर्यंत जाईल, अँकर खोटा ठरेल — माझ्या डोक्यात हे चाललं होतं. तिची आई नव्हती माझ्या डोक्यात.

"बरं झालं विचारलं," ती म्हणाली. "थँक्यू हां मॅडम. खरं सांगितलंत."

मी "हं" म्हटलं.

त्यानंतर किती वर्षं मध्ये गेली. बोरिवलीच्या पुढचंच स्टेशन दहिसर, मी तिथे कामासाठी शंभरदा गेले असेन. तिच्याकडे गेले नाही. आधी भीती होती, मग लाज होती, आता नुसता थकवा आहे. आता सांगितलं तर तिला बरं वाटेल की पुन्हा सगळं उकरून निघेल, असला विचार करत बसते कधी कधी. त्याला विचार तरी काय म्हणायचं. न जाण्याची सोय आहे ती.

वैशाली आजही हेच धरून चालली असेल, की आईने हाक मारली आणि ती आपल्यापर्यंत पोचली नाही. तिच्या फोनला रेंज होती की नव्हती, मला काहीच माहीत नाही. मला कसं माहीत असणार? मी तिला फोन केलाच नव्हता.