अ‍ॅकीचा डबा

चंदू रोकडे जन्मभर मालवाहू जहाजांवर आचारी होते. २००४ साली निवृत्त होऊन अंबरनाथला परतले, त्याच्या महिनाभर आधी बायको वेणू गेली होती. तिच्यासाठी जमैकाहून घेतलेला अ‍ॅकी या फळाचा डबा बॅगेतच राहिला.

एका रविवारी त्यांनी तो फोडला. कांदा, मिरची आणि खाऱ्या माशाबरोबर त्या पिवळ्या मऊ फोडी हलक्या हाताने परतल्या. वाटीभर शेजारच्या उन्नतीला दिल्या.

तिने दारातच चव घेतली. "काका, भुर्जी मस्त झालीय. अंडी कुठली?"

फळाची गोष्ट त्यांच्या ओठांवर आली होती. पण तिचं लक्ष आतल्या टीव्हीकडे होतं.

"नाक्यावरची," ते म्हणाले.

घरी येऊन उरलेलं त्यांनी कढईतूनच खाल्लं. वेणूला हे आवडलं असतं का, ते त्यांना सांगता आलं नसतं.