गणपतीत बसलेली तांबडी

कोंबड्या मला नको होत्या. नवऱ्याला हव्या होत्या, मुलीला हव्या होत्या आणि खुराडं मला झाडायचं होतं. आमचं घर नेपरव्हिलच्या पश्चिमेला, जिथे मक्याची शेतं सुरू होतात तिथे आहे. कोंबडा आरवला तर तक्रार करायला जवळपास कोणी नाही, म्हणून आमच्याकडे कोंबडाही राहिला. खरं तर दुकानदाराने सगळ्या माद्या म्हणूनच पिलं दिली होती. त्यांतली एक मादी एका सकाळी आरवली. नवरा म्हणाला, "लेबल चुकलंय, माल चांगला आहे."

सगळ्यांत थोराड आणि शहाणी होती ती तांबडी. हिवाळ्यात बाकीच्या अंडी द्यायच्या थांबल्या तरी ही मधूनमधून एखादं द्यायची. दार उघडलं की सगळ्यांच्या शेवटी बाहेर यायची आणि संध्याकाळी सगळ्यांच्या आधी आत जायची. मला कामसू प्राणी आवडतात. त्या कळपात मला कोणी आवडत असेल तर तीच.

त्या वर्षी सासूबाई मे महिन्यात सहा महिन्यांसाठी आल्या. त्यांचं माहेर साताऱ्याकडचं, शेतकऱ्याचं. लग्नानंतर मात्र सगळं आयुष्य पुण्यातल्या दोन खोल्यांत गेलं. कोंबड्या बघितल्यावर त्यांनी चपला काढल्या, खुराड्यापाशी बागेतली खुर्ची ओढली आणि सहा महिने ती खुर्ची तिथून हलली नाही. बाकी घरात त्या पाहुण्यासारख्या वावरायच्या. डिशवॉशरला घाबरायच्या, थर्मोस्टॅटला हात लावायच्या नाहीत. खुराड्यापाशी मात्र त्या मालकीण.

मग श्रावण लागला.

"श्रावण संपला की कर की ऑम्लेट," त्या म्हणाल्या. "कोण नको म्हणतंय?"

"आई, यंदा अधिक आहे. श्रावण दोन महिन्यांचा आहे."

"मग दोन महिने नको करूस."

आम्ही एरवी हे काही पाळत नाही. पण त्या घरात असताना पाळायला माझी हरकत नव्हती. अंडी मी ऑफिसात वाटली. माझ्या टीमने श्रावणाची इतकी स्तुती केली, की तो दर महिन्याला यावा असं त्यांचं मत झालं. पुढे गणपती आले, अधिक मासामुळे उशिरा, सप्टेंबर अर्धा उलटून गेल्यावर. आमच्याकडे दहा दिवसांचे असतात. डेव्हनच्या देशी बाजारात जाऊन तांदळाची पिठी, गूळ, वाती सगळं आणलं. आईंनी सांगून टाकलं, देव घरात आहे तोवर अंड्याला कोणी शिवायचं नाही. ऑफिसात न्यायलासुद्धा नाही. मी म्हटलं ठीक आहे. दहा दिवस पडून राहतील, मग फेकून देऊ.

विसर्जन आम्ही मागच्या अंगणात टबमध्ये करतो. मूर्ती विरघळली की पाणी लायलॅकच्या झाडांना घालतो. ते सगळं आवरून मी बादली घेऊन खुराड्यात गेले. तांबडी खोक्यात बसली होती, होती त्याच्या दुप्पट फुगून. मी हात पुढे केला तर गुरगुरल्यासारखा आवाज काढून तिने मनगटावर चोच मारली. जिने आयुष्यात कोणाला टोचलं नव्हतं, तिने.

"खुडूक झाली ती," मागून आई म्हणाल्या. "उठवू नकोस."

"आई, आता थंडी येईल."

"गणपतीनंतरचीच पिलं चांगली होतात. पाऊस गेलेला असतो, ऊन असतं, दाणागोटा निघालेला असतो. माझी आई मुद्दाम आत्ताच बसवायची."

हे साताऱ्याकडे अगदी बरोबर आहे. इथे नाही. इथे कोंबडी बसवायची ती वसंतात, म्हणजे पुढचा उन्हाळा तिचा आणि पिलांचा असतो. मला हे कळायला हवं होतं. मी या देशात वीस हिवाळे काढलेत. ऑक्टोबर आला की बाहेरचे नळ बंद करते, फर्नेसचा फिल्टर बदलते, मुलीचे बूट आखूड झालेत का बघते. पण आईंनी 'गणपतीनंतर' म्हटलं आणि माझ्याही मनात तेच आलं, की पाऊस संपला, आता चांगले दिवस. वीस वर्षांनीही अंगातलं पंचांग तिकडचंच होतं. मी बादली रिकामीच परत आणली.

आईंनी बसलेल्या कोंबडीची सगळी उस्तवार केली. अशी कोंबडी आपणहून खायला उठत नाही म्हणून रोज दुपारी तिला दोन्ही हातांनी उचलून बाहेर आणायच्या. भिजवलेली बाजरी आणि दहीभात समोर ठेवायच्या. "खा गं बाई. अंडी कुठं पळून जात नाहीत." तांबडी चार घास खायची आणि धावत परत जायची. आई वाटी घेऊन मागे. मुलगी हसायची. म्हणायची, "आजी, यू आर मोअर स्ट्रिक्ट विथ हर दॅन विथ मी."

"तू कुठं अंड्यावर बसलीयेस?" आजी विचारायच्या. एवढं इंग्रजी त्यांना समजत होतं.

ऑक्टोबरात पिलं निघाली. पाच. पुढचे काही दिवस आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. मुलगी शाळेतून आली की थेट खुराड्यात. नवरा फोनवर तपमान बघायचा. मी पिलांसाठी भिंतीला लावायची, विजेवर तापणारी पाटी मागवली, बारीक दाणे मागवले, दारात वारा येत होता तिथे फळी ठोकली. मी जे करते ते नीट करते. सगळं पिलांसाठी.

दिवाळीच्या आधी आईंचं तिकीट होतं. पुण्यात धाकट्या दिरांकडे फराळाचं करायला त्याच लागतात. निघायच्या दिवशी बॅगा गाडीत टाकून झाल्या तरी त्या मागच्या अंगणातच. मी बोलवायला गेले तर म्हणाल्या, "पिलं काय, होतील मोठी आपोआप. हिला वेगळं घालत जा. ही त्यांना आधी खाऊ देते."

"घालेन."

"वाटीत. बाजूला घेऊन."

"हो आई. फ्लाइट चुकेल."

पहिले काही दिवस मी वाटी घेऊन गेले. मग घड्याळं एक तास मागे गेली. मी ऑफिसातून परत येईपर्यंत अंधार व्हायला लागला आणि कोंबड्या अंधार पडला की झोपतात, त्यांना वाटीशी घेणंदेणं नसतं. सकाळी घाई. पाच पिलांना पुरेसा दाणा आहे की नाही एवढंच बघून मी निघायचे. भांडं भरलेलं असायचं, म्हणजे ती खात असणार असं मी धरून चालले.

थँक्सगिव्हिंगच्या सुमाराला खुराड्यात एवढी तांबडी पिसं पडली, की रात्री कोल्हा येऊन गेला असं वाटलं. कोल्हा नव्हता. कोंबड्या वर्षातून एकदा पिसं टाकतात, नवी येतात. इतरांचं हे सगळं लवकर उरकून झालं होतं. तांबडीचं अंड्यांवर बसण्यात आणि पिलांमागे फिरण्यात राहून गेलं होतं, ते आता, ऐन थंडीत सुरू झालं. मान उघडी, पाठ उघडी, शेपूट नाहीच. नव्या पिसांचे कोंब काट्यांसारखे वर आलेले. ते दुखतात, म्हणून उचलू नये असं सगळीकडे लिहिलेलं. मी उचललं नाही.

दर रविवारी पुण्याला व्हिडिओ कॉल असायचा. मुलगी फोन घेऊन अंगणात जायची आणि पिलं दाखवायची. पिलं कसली, आता लांब पायांची, भांडखोर झाली होती.

"तांबडी कुठंय?" आई विचारायच्या.

"आत आहे, आजी. शी इज फाइन."

"बाहेर आण की तिला."

"आजी, शी लुक्स फनी राइट नाऊ. अजून फेदर्स नाहीत."

पुढच्या रविवारी पुन्हा तेच. पिलं बघून झाली की, "तांबडी कुठंय?"

जानेवारीत ती बर्फाची मोठी लाट आली, ज्या दिवसांत शाळा बंद असतात आणि गाडीचं दार उघडत नाही. आदल्या दिवशी आम्ही खुराड्यात कोरडा भुसा घातला. कोंबड्यांना थंडी बाधत नाही, ओल बाधते, हे मी सगळ्यांना सांगत असे आणि ते खरंही आहे. पण ते पिसं असलेल्या कोंबड्यांबद्दल. तांबडीला बाजूला करावं म्हणून मी तिला पहिल्यांदाच दोन्ही हातांत घेतलं. काही वजनच लागलं नाही. छातीचं हाड सुरीच्या पात्यासारखं वर आलेलं. नवी पिसं यायला अंगात काहीतरी असावं लागतं, आणि तिच्या अंगात काहीच उरलेलं नव्हतं. इतके दिवस ती त्या थोड्याशा काट्यांच्या आत होती आणि मी लांबून बघून ठीक आहे म्हणत होते.

तिला घरात आणून धुण्याच्या खोलीत ड्रायरजवळ खोक्यात ठेवलं. दहीभात कालवला. आईंची ती वाटी ओट्यावरच्या फडताळात मागे सरकलेली होती, ती शोधून काढली. तिने दोन दाणे घेतले, मला बरं वाटावं म्हणून घेतल्यासारखे, आणि मान खाली घातली. मुलगी तिच्याजवळ जमिनीवर बसून शाळेचा अभ्यास करत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी तांबडी मेली. जमीन दगडासारखी गोठली होती. पुरता येईना, म्हणून बर्फ वितळेपर्यंत तिला गॅरेजमध्ये ठेवावं लागलं.

नवरा म्हणाला, आईला इतक्यात सांगायला नको. मी रविवारी सांगितलं. असल्या गोष्टी लपवायला मला जमत नाही.

फोनमध्ये मागे कोणीतरी कुकर लावत होतं.

"माझंच चुकलं," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी तू उचलत होतीस अंडी. मीच नको म्हटलं."

"नाही आई, मी..."

"पिलं बघायची होती मला. लहानपणी बघितली होती, त्यानंतर कुठली. म्हातारीची हौस."

मला सांगायचं होतं, की वाटी मीच सोडली. सांगितलंही, पण तोवर त्या मुलीशी बोलायला लागल्या होत्या. शाळा, सर्दी, टोपी घालतेस की नाही. ते वाक्य मधेच कुठेतरी पडलं आणि कोणी उचललं नाही. पुढे मी पुन्हा दोनदा काढलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "असू दे गं आता."

पाचही पिलं जगली. त्यांतले दोन कोंबडे निघाले, ते शेतावरच्या एका माणसाने नेले. तीन माद्या राहिल्या. एक हुबेहूब तांबडीच्या रंगाची आहे. स्वभाव तसा नाही. ती सगळ्यांच्या आधी बाहेर येते, भांड्यात पाय घालते आणि पोटभर खाते.

आई त्यानंतर आल्या नाहीत. गुडघ्यांनी एवढा प्रवास होत नाही. नवरा दर वर्षी व्हिसाचा विषय काढतो आणि त्या दर वर्षी पुढच्या उन्हाळ्यात बघू म्हणतात. खुर्ची खुराड्यापाशीच आहे. हिवाळ्यात आत घ्यायला हवी, गंज चढतोय.

तांबडी गेली त्या वर्षीचे गणपती वेळेवर आले. प्रतिष्ठापना झाली, आरती झाली, आईंना फोनवर मूर्ती दाखवली, नैवेद्याचं ताट दाखवलं. मोदकांच्या कळ्या जाड झाल्यात हे त्यांनी सांगितलं. मी फोन ठेवायला लागले.

"थांब," त्या म्हणाल्या. "अंडी उचललीस का आजची?"

"आई, गणपती आहेत."

"माहितीये मला. उचल. तो काही म्हणायचा नाही."

मी सोवळ्यातल्या साडीवर जाकीट घालून मागच्या दाराने गेले. चार होती. नव्या तांबडीच्या खालचं एक अजून गरम होतं. ती नुसती बाजूला सरकली, टोचलं वगैरे नाही. अंडी घरात न्यावीशी वाटेनात, म्हणून खुर्चीवर ठेवली आणि दाणे घातले. वाटीत. सगळ्यांनाच वेगवेगळे घालता येत नाहीत, पण हिला बाजूला घेऊन घातले.