बाबांना काय सांगायचं

आई गेली त्याला दोन वर्षं झाली, आणि बाबांना ते रोज नव्याने कळायचं.

मुलुंडच्या आमच्या घरात मी आणि बाबा, दोघंच. मी नोकरी सोडून त्यांच्याजवळ राहिले. हौस म्हणून नाही, दुसरं कोण होतं? बाबा गिरणीतले कामगार, मूळचे मालवणकडचे. सगळा जन्म मुंबईत गेला तरी बोलणं गावचंच. डोकं हळूहळू पुसट होत गेलं, पण आईला विसरायला काही ते तयार नव्हतं.

"गो चेडवा, तुझी आवस खंय गेली?"

मी त्यांचं चेडू, म्हणजे लेक; आई कुठे गेली याचं उत्तर सुरुवातीला मी खरं द्यायचे. मग त्यांचा चेहरा असा व्हायचा की बघवत नसे. "कधी? माका कोणी सांगूक नाय?" म्हणत ढसाढसा रडायचे. एकदा एकाच दुपारी तीनदा रडले. चौथ्यांदा विचारलं तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "गावाक गेली हा, बाबा."

"बरां केल्यान," ते म्हणाले. "आंबे उतरवूचे आसतले."

भर दिवाळीत आंबे! पण स्वारी खूश. दोन घास जास्त जेवली. झालं, मी रोज तेच सांगायला लागले.

माझा धाकटा भाऊ बोरिवलीला राहतो, रविवारी येतो. त्याला हे कळलं आणि तो भडकलाच. "तू त्यांना जिवंतपणी माणसातून उठवतेस. बायको मेल्याचं दुःख करायचा हक्क आहे त्यांना. आपण कोण तो काढून घेणारे?"

"वा रे वा! आठवड्यातून दोन तास येतोस आणि मला अक्कल शिकवतोस? एक दिवस राहा इथे. सहा वेळा सांग आई मेली म्हणून. सहा वेळा डोळे पूस. मग बोल."

त्याचं म्हणणं मात्र माझ्या डोक्यातून जाईना. संध्याकाळी जे आठवणारच नाही, ते सकाळी खोटं सांगितलं तर फसवणूक कुणाची झाली? त्यांची की माझी? बाबांनी आम्हाला खोटं बोलण्यावरून एकदाच मारलं होतं, पण चांगलं सणसणीत. त्याच माणसाला मी सकाळ-संध्याकाळ थापा मारत होते. स्वतःची लाज वाटायची. तरी दुसऱ्या दिवशी परत तेच.

मग आली वर्षाची सत्यनारायणाची पूजा. आमच्याकडे पूजेनंतर गाऱ्हाणं घालतात. घरातला मोठा माणूस नारळ हातात धरून देवाशी मोठ्याने बोलतो आणि जमलेले सगळे प्रत्येक वाक्याला "होय म्हाराजा" म्हणतात. इतक्या वर्षांत बाबांशिवाय कुणी गाऱ्हाणं घातलं नव्हतं.

"ह्या वेळी मी घालतो," भाऊ म्हणाला. "चारचौघांत त्यांचं हसं नको."

"आणि आता कोण उठवतंय त्यांना माणसातून?" मी म्हटलं, आणि नारळ सरळ बाबांच्या हातात दिला.

खोली शेजाऱ्यापाजाऱ्यांनी, गाववाल्यांनी भरलेली. बाबा उभे राहिले, नारळ कपाळाला लावला आणि एकदम जुना खणखणीत आवाज निघाला.

"बा देवा म्हाराजा, सालाबादप्रमाणे लेकरांनी तुझी पूजा केली हा, ती गोड मानून घे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"काय चूकभूल झाली आसात ती पदरात घे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

मी भावाकडे बघून भुवया उडवल्या. बघ! बाबांनी नारळ पुन्हा कपाळाला लावला.

"ह्यां माझां चेडू माझ्याशी रोज खोटां बोलता रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

सवयीने सगळी खोली गरजली. मग काय बोलून बसलो ते एकेकाच्या ध्यानात आलं आणि सगळे खाली बघायला लागले. धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

बाबा देवाकडेच बघत होते. "माझी बायल मेली हा, माका ठावक आसा. कधी कधी ठावक आसता. पण माका सोसाचां नाय म्हणान तां तसां बोलता. तेचां पाप तेका लावू नको रे म्हाराजा."

मला पदर तोंडात कोंबून उभं राहावं लागलं. शेवटी मागून एकच आवाज आला, घोगरा. भावाचा. "होय म्हाराजा." मग एकेक करून सगळे म्हणाले.

नारळ फुटला, आरती झाली, शिऱ्याचे द्रोण फिरले. बाबा खुर्चीत बसून शिरा खात होते. भाऊ त्यांच्या पायाशी बसला होता. खाता खाता ते थांबले, खोलीभर नजर फिरवली आणि भावाला विचारलं,

"रे, तुझी आवस खंय दिसना नाय?"

मी स्वयंपाकघराच्या दारात होते. भावाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बाबांच्या हनुवटीला लागलेला शिरा त्याने बोटाने पुसला.

"गावाक गेली हा, बाबा," तो म्हणाला. "येतली."